शेठला आणि भाऊबंदांना 'नाही' कसं म्हणायचं? नेमकी वाक्यं हवी आहेत

गिरणाकाठ (जळगाव)

नमस्कार मंडळी. एमआयडीसीत चटईच्या कारखान्यात डिस्पॅच बघतो. अडचण अशी की तोंडातून 'नाही' निघत नाही. तीन ठिकाणी अडकतोय.

१) शेठ माणूस चांगला, पण आठवड्यातून तीन-चारदा साडेपाचला फोन येतो, 'एक गाडी अजून भरून टाक.' माझी सुटी सहाला. गाडी भरायला अडीच तास लागतात. विचार करायच्या आत 'हाव शेठ, हुई जाई' (हो शेठ, होऊन जाईल) निघून जातं. वर सेल्सचा माणूस 'गाडी सोड, बिल सकाळी बनवू' म्हणतो, तो वेगळाच ताप.

२) मोठे चुलतभाऊ, आम्ही नाना म्हणतो, पतसंस्थेतून पाच लाख काढताहेत. जामीन राहा म्हणून मागे लागलेत. राहायचं नाहीये, पण दिवाळी-आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) एकाच ओट्यावर बसायचंय.

३) बायको म्हणते, बाहेर मुके आणि घरात वाघ. खरं आहे ते.

आत्मविश्वास वाढवा, सकारात्मक राहा असले सल्ले नकोत. काय बोलायचं, कधी बोलायचं आणि सराव कसा करायचा ते सांगा.

---

सातपुडा_मास्तर (चोपडा)

तिसऱ्या मुद्द्यापासून धरतो, कारण पहिले दोन त्याच मुळाचे आहेत. बाहेर गिळून घेणारा माणूस शांत स्वभावाचा असतो असं नाही. तो हिशोब साठवतो आणि जिथे धोका कमी तिथे, म्हणजे घरी, वसूल करतो. तिसराही प्रकार आहे आणि आपल्याकडे तोच जास्त चालतो: तोंडाने हो म्हणायचं, मग गाडी मुद्दाम उशिरा लावायची, फोन सायलेंटवर टाकायचा, चहाच्या टपरीवर शेठला शिव्या घालायच्या. या तिन्हींत समोरच्याला तुमचं खरं म्हणणं कळतच नाही. ठाम बोलणं म्हणजे ते कळेल असं, मान राखून, एकदाच आणि सरळ सांगणं. त्यानंतर तो काय करेल ते त्याच्या हातात.

'हाव' का निघतं? कारण हो म्हटलं की त्या क्षणाचा ताण लगेच उतरतो. दोन सेकंदांत सुटका मिळते, किंमत मात्र साडेआठला मोजायची असते. लगेच मिळालेल्या सुटकेची सवय फार पक्की बसते. म्हणून आधी नकार शिकू नका, उशीर शिका. पहिले दोन आठवडे एवढंच वाक्य:

'शेठ, लोडिंगचं बघून दहा मिनिटांत फोन करतो.'

आणि दहा मिनिटांत फोन करायचाच. केला नाही तर ती टाळाटाळ ठरते आणि पुढच्या वेळी दहा मिनिटं मिळत नाहीत. त्या वेळात हमाल किती उरलेत, गाडी उद्या सकाळी गेली तर पार्टीला (माल घेणाऱ्याला) चालेल का, एवढं पाहून घ्या.

परत फोन कराल तेव्हाची मांडणी चार भागांची. शॅरन आणि गॉर्डन बोवर या अमेरिकन जोडप्याने १९७०च्या दशकात ही चौकट मांडली. आपल्या कामाला ती अशी बसते:

'शेठ, सुरतची गाडी आत्ता लावली तर साडेआठ होतील. मला आज सहाला निघायचंय. सकाळी आठला हमाल बोलावतो आणि साडेदहाला गाडी गेटबाहेर काढतो. पार्टीला मी आत्ताच कळवतो, म्हणजे त्यांचा तुम्हाला फोन येणार नाही.'

पहिलं वाक्य फक्त वस्तुस्थिती. त्यात 'रोज', 'नेहमी', 'ऐनवेळी' हे शब्द आले की ती तक्रार होते आणि शेठ स्वतःचा बचाव करायला लागतात. दुसऱ्यात तुमची बाजू. तिसऱ्यात नेमका पर्याय, वेळेसकट. चौथ्यात त्यांचा फायदा. चौथ्या जागी बहुतेक लोक धमकी घालतात ('नाहीतर दुसरा माणूस बघा') आणि सगळं ओमफस करतात.

हे बिघडतं कुठे, तेही सांगतो.

कारणांची माळ लावू नका. 'मुलाला बरं नाही, गाडीत पेट्रोल नाही, पाहुणे येणारेत...' प्रत्येक कारण सोडवता येतं. शेठ म्हणतील, पेट्रोल मी टाकतो. आता काय बोलणार? एक कारण पुरे, आणि ते खरं असलं पाहिजे. 'बघतो', 'प्रयत्न करतो', 'जमलं तर' हे आपल्या भागात होकारच धरतात. नंतर तुम्ही म्हणाल मी हो कुठे म्हणालो होतो, ते म्हणतील नाही तरी कुठे म्हणालास. आणि बोलून झाल्यावर गप्प राहा. मनात पाच मोजा. त्या शांततेत घाबरून 'बरं, आज थांबतो, पण उद्या नाही' म्हणणारे सर्वांत जास्त.

शेठ म्हणाले, 'मागच्या आठवड्यात तर थांबला होतास,' तर वाद घालू नका. त्यात खरं असेल तेवढं मान्य करा: 'हो शेठ, थांबलो होतो. आज सहाला निघतोय.' मान्य करणं आणि झुकणं वेगळं. हे एकदा हाताला बसलं की निम्मे टोमणे आपोआप बोथट होतात.

पण आठवड्यातून तीन-चारदा हे होत असेल तर रोजचा नकार हा इलाज नव्हे. महिन्याच्या उशिरा भरलेल्या गाड्यांची एका कागदावर यादी करा: तारीख, ऑर्डर किती वाजता आली, गाडी किती वाजता सुटली. शेठ निवांत असतील अशी वेळ धरून पंधरा मिनिटं मागा. मागणी एकच ठेवा: दुपारी तीनपर्यंत आलेली ऑर्डर त्याच दिवशी, नंतरची दुसऱ्या दिवशी सकाळी पहिली. आठवड्यातून एखादी तातडीची गाडी तुम्ही स्वतः कबूल करा. काहीच सोडायला तयार नसलेल्या माणसाशी व्यापारी बोलत नाही. व्यापाऱ्याला आकडा आणि सौदा दोन्ही कळतात, 'मला त्रास होतो' तेवढं कळत नाही.

---

पतपेढी_कट्टा (अमळनेर)

मी फक्त जामिनावर बोलतो, कारण इथे 'कसं बोलायचं' याच्या आधी 'कशावर सही मागताहेत' ते डोक्यात स्पष्ट हवं. ते स्पष्ट असलं की आवाज आपोआप पक्का होतो.

भारतीय करार कायदा, १८७२, कलम १२८: करारात वेगळं काही लिहिलेलं नसेल तर जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच. संस्थेने आधी नानांच्या मागे लागायचं आणि मग तुमच्याकडे यायचं, असा क्रम नाही. थेट तुमच्याकडे येता येतं. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६०च्या कलम १०१ खाली वसुली दाखला (थकीत कर्ज वसूल करायचा आदेश) निघाला तर त्यात जामीनदारही येतो. पगारकपातीच्या संमतीपत्रावर सही दिलेली असेल तर कलम ४९प्रमाणे पगारातून कापून घेता येतं. शिवाय तुम्ही दिलेली जामीनकी क्रेडिट रिपोर्टमध्ये दिसू शकते आणि उद्या तुमच्याच घरकर्जाच्या वेळी बँक ती विचारात घेऊ शकते.

म्हणून 'नुसती सही तर करायची आहे' या वाक्याला मनातल्या मनात 'पाच लाख आणि व्याज तर द्यायचंय' असं वाचा. स्वतःला एकच प्रश्न: नानांनी एकही हप्ता भरला नाही तर ही रक्कम मी भरू शकतो का? उत्तर नाही असेल तर चर्चा संपली. राहिलं फक्त सांगणं.

सांगायला स्वतः जा, निरोप किंवा व्हॉट्सअॅप नको. लग्नात, तेराव्याला, चारचौघांत नको. एकट्यात गाठा, आणि अर्ज भरायच्या आधी. अर्जावर तुमचं नाव पडल्यावर दिलेला नकार हा अपमान धरला जातो, आधी दिलेला फक्त नकार असतो.

'नाना, मी कोणाच्याच कर्जाला जामीन राहायचं नाही असं ठरवलंय. तुमच्यावर विश्वास नाही म्हणून नाही, माझ्याकडे भरायची ताकद नाही म्हणून. दुसरं काही करता येत असेल तर सांगा.'

'कोणाच्याच' हा शब्द महत्त्वाचा, पण तो खराच असला पाहिजे. मागच्या वर्षी साडूला सही दिली असेल तर नानांना ते ठाऊक असणारच, गाव केवढंसं. बायकोवर ढकलू नका ('हिला चालत नाही'). उद्या सगळा राग तिच्यावर, आणि तुमचा तिसरा मुद्दा आणखी चिघळेल.

नाना सोडणार नाहीत. म्हणतील, तुझ्या बापाला मी दवाखान्यात नेलं होतं. म्हणतील, परक्याने दिली असती सही. प्रत्येकाला वेगळं उत्तर शोधायचं नाही. उपकाराची पावती द्यायची आणि तेच वाक्य पुन्हा: 'बाबांच्या वेळी तुम्ही होतात, ते विसरणार नाही. जामीन मात्र राहणार नाही.' दुसऱ्यांदा तेच, आवाज तोच. तिसऱ्यांदाही तेच. शब्द बदलले की त्यांना नवं दार दिसतं. सहसा तिसऱ्या-चौथ्या वेळेला विषय बदलतो किंवा रुसवा सुरू होतो. रुसवा आला तर येऊ द्या, तो मिटवायला दुसऱ्या दिवशी सही करायला जाऊ नका.

पर्याय द्यायचा तर पेलवेल तेवढाच: सोनेतारणाचा व्याजदर विचारून देतो, कागद बघून देतो, परत आली नाही तरी चालेल अशी दहा हजारांची रक्कम देतो. 'परत आली नाही तरी चालेल' हे मात्र स्वतःशी, नानांसमोर नाही!

---

खान्देशी_फिटर (भुसावळ)

मास्तर, चौकट बरोबर, पण एक गोष्ट राहिली. लहान कारखान्यात एचआर नसतो. शेठ हाच एचआर, तोच शेवटचा शब्द. तिथे वाक्यापेक्षा जागा आणि वेळ जास्त काम करते. लोडिंगच्या धक्क्यावर, हमाल आणि ड्रायव्हर ऐकत असताना नाही म्हटलंत तर शेठला आपलं म्हणणं मागे घेताच येत नाही, मग तुमचं कारण कितीही खरं असो. 'शेठ, दोन मिनिटं केबिनमध्ये बोलू?' एवढं म्हणून आत न्या. आणि पेमेंट अडकलंय, बँकेचा फोन येऊन गेलाय, अशा दिवशी मोठा विषय काढू नका.

दुसरं, घरात तीन महिन्यांचा खर्च शिलकीत नसेल तर आधी छोट्या मागण्या करा. पोटावर पाय येईल या भीतीने घाबरलेल्याला कोणतीही चौकट साथ देत नाही. पोटाची काळजी करणं हा भित्रेपणाही नव्हे.

सेल्सवाल्याचं मात्र वेगळं आहे. तिथे मवाळ बोलायची गरजच नाही, कारण तो नियम आहे. परराज्यात जाणारा ५० हजारांवरचा माल, महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात १ लाखावरचा, ई-वे बिलाशिवाय (मालवाहतुकीसाठीचा जीएसटीचा ऑनलाइन कागद) हलत नाही. त्याच्या भाग ब मध्ये गाडीचा नंबर पडलेला हवा. रस्त्यात अडवली तर माल आणि गाडी दोन्ही थांबतात, आणि मालमालक पुढे आला तरी दंड कराच्या दुप्पट. तेव्हा:

'दादा, बिल आणि ई-वे आलं की पाच मिनिटांत गेटपास देतो. त्याआधी गाडी सुटणार नाही.'

'मला वाटतं', 'जरा', 'प्लीज' काहीही नको. हेच वाक्य प्रत्येक वेळी, प्रत्येक सेल्सवाल्याला. एकालाही सूट दिली की नियम संपला आणि तुमचा स्वभाव सुरू झाला. 'शेठनी सांगितलंय सोडायला' म्हणाला तर तिथेच शेठना फोन लावा, स्पीकरवर नाही, आणि विचारा: 'ई-वेशिवाय गाडी सोडायला सांगितलंय का?' बहुतेक वेळा सांगितलेलं नसतं.

---

गिरणाकाठ

मास्तर, कट्टा, फिटरभाऊ, कागद आजच काढतो. पण एक अडचण: वाक्य पाठ असलं तरी बोलताना घसा कोरडा पडतो, आवाज कापतो. सुरुवातच थेट शेठपासून करू का?

---

सातपुडा_मास्तर

अजिबात नाही. शेठ आणि नाना ही वरची पायरी. जोसेफ वोल्पे या मानसोपचारतज्ज्ञाने १९५८ मध्ये मांडलेल्या पद्धतीत ठाम बोलणं हाच भीतीवरचा उतारा म्हणून वापरला आहे: थोड्या भीतीच्या प्रसंगात ठाम बोललं की भीती मागे हटते, मग पुढचा प्रसंग. अस्वस्थता ० ते १०० मोजायची पट्टीही त्याचीच. तुमची यादी साधारण अशी दिसेल:

२० – बामणोदची सांगून दिलेली भरताची वांगी तशी नसली तर परत देणं.
३० – फुले मार्केटात घेतलेला शर्ट पावतीसकट बदलून मागणं.
४५ – रिक्षावाल्याला 'ठरलेलेच देतो' म्हणणं.
५५ – सोबतच्या माणसाला 'आज तुझं काम मी घेणार नाही' सांगणं.
७० – सेल्सवाला.
८० – शेठ.
९५ – नाना.

आकडे तुमचे तुम्ही टाका, काहींना शेठपेक्षा भाजीवाली जड जाते. एका पायरीवर तीन-चार वेळा बोलून अस्वस्थता साधारण निम्म्यावर आली की वर सरका. घाई केली आणि वरची पायरी फसली तर एक पायरी खाली उतरा, तळाशी जायची गरज नाही. नानांचं काम मात्र अर्ज जायच्या आधी उरकायचंय. तिथे पायऱ्यांची वाट बघू नका, कट्ट्यांनी दिलेलं वाक्य घोकून जा.

सराव मोठ्याने करायचा. मनात म्हटलेलं वाक्य तोंडातून निघताना वेगळंच होतं. फोनवर रेकॉर्ड करा आणि दोनच गोष्टी ऐका. वाक्य पंधरा शब्दांच्या वर गेलं का? शेवटचा शब्द वर चढतोय का? 'सहाला निघतोय' हे प्रश्नासारखं वर गेलं की समोरच्याला ती परवानगी मागितल्यासारखी वाटते. शेवट खाली उतरवा. मग कोणाला तरी शेठ बनवा आणि त्याला मुद्दाम चिडायला, टोमणे मारायला सांगा. गुळगुळीत सरावाचा उपयोग नाही.

घशासाठी: फोन उचलण्याआधी दोन-तीन श्वास, सोडायचा श्वास घ्यायच्या श्वासापेक्षा लांब. चार मोजत आत, सहा मोजत बाहेर. उभं राहून बोला, दोन्ही पाय जमिनीवर. आवाज तरीही कापला तर कापू द्या. कापऱ्या आवाजातला नकारही नकारच असतो.

आणि एक इशारा. तुम्ही बदललात की पहिले काही आठवडे दबाव वाढतो. कालपर्यंत एका फोनमध्ये काम व्हायचं, आज झालं नाही म्हणून तीन फोन येतील, आवाज चढेल. लोकांना वाटतं पद्धत फसली आणि तिथेच ते हार मानतात. त्या वेळी हो म्हटलंत तर समोरचा शिकतो की तीन फोन करायचे असतात.

---

कळणाभाकर (धुळे)

घरातल्या वाघाबद्दल कोणी बोललं नाही, म्हणून लिहिते. पुरुष कामावरचं ठाम बोलणं शिकतात आणि घरी तेच वाक्य हुकमासारखं वापरतात. घरी तुमची अडचण नकाराची नाही, मागणीची आहे. तिथे 'मला घरी आल्यावर अर्धा तास कोणाशी बोलायचं नसतं, मग मी मुलांचा अभ्यास घेतो' असं आधीच सांगून ठेवा. दारातून आत येताना 'गोंधळ काय लावलाय' हा त्याच मागणीचा वाईट अवतार.

राग चढलाच तर थांबा, पण निघून जाताना परत यायची वेळ सांगा: 'आत्ता माझा आवाज चढतोय. वीस मिनिटांनी बसू.' छाती धडधडत असताना कोणी नीट ऐकत नाही, शरीर शांत व्हायला साधारण तेवढा वेळ लागतो. वेळ न सांगता दार आपटून गेलात तर ते अबोलाच झालं. आणि वीस मिनिटांनी खरंच बसायचं, बातम्या लावून नाही.

शिवाय वहिनी ठाम बोलल्या तर तुम्ही काय करता, तेही बघा. 'या आखाजीला मी माहेरी आठ दिवस राहणार आहे' हे वाक्य तुमच्या आईसमोर त्यांना एकटीला बोलावं लागत असेल, तर घरातला सराव तिथून सुरू करा. आईशी तुम्ही बोला: 'आई, आखाजीला ही आठ दिवस माहेरी जाईल. त्या दिवसांत स्वयंपाकाचं मी आणि ताई बघू.' 'तिला जायचंय' नको, 'आमचं ठरलंय' म्हणा. सासूसमोर सुनेचा ठामपणा उद्धटपणा ठरतो आणि मुलाचा समजूतदारपणा. अन्याय आहे, पण त्याचा उपयोग तरी करून घ्या.

हे वाचणाऱ्या बायांसाठी अजून एक. मारहाण, धमकी, दारू पिऊन अंगावर येणं, इथे ही वाक्यं वापरायची नाहीत. ठाम बोलल्याने तिथे धोका वाढू शकतो. आधी सुरक्षित जागा, मग ११२ किंवा महिलांसाठी १८१. कामावर लैंगिक छळ असेल तर २०१३च्या कायद्याप्रमाणे दहा किंवा जास्त माणसं असलेल्या ठिकाणी अंतर्गत समिती असावी लागते, त्याहून लहान ठिकाणासाठी जिल्ह्याची स्थानिक समिती. तक्रार घटनेपासून तीन महिन्यांत लेखी. सबळ कारण असेल तर समिती आणखी तीन महिने वाढवू शकते.

---

खान्देशी_फिटर

ताईंच्या मुद्द्याला हाव.

गिरणाकाठ, शेठशी बसून तीन वाजताचा नियम ठरला तर त्याच संध्याकाळी मेसेज टाका. तोंडी ठरलेलं गर्दीच्या हंगामात कोणालाच आठवत नाही. ग्रुपवर नको, शेठच्या नंबरवर. असा:

'शेठ, आज ठरल्याप्रमाणे: सोमवारपासून दुपारी ३पर्यंतच्या ऑर्डर त्याच दिवशी, नंतरच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ८ला पहिल्या. तातडीची गाडी आठवड्यातून एक. काही बदलायचं असेल तर सांगा.'

'आठवण करून देतो' असलं काही लिहू नका, ते टोचतं. उत्तर 'ओके' आलं तरी पुरे. सेल्सवाल्यांना हा नियम शेठकडूनच कळू द्या. तुम्ही सांगितलात तर तो तुमचा नियम होईल आणि पहिल्याच सोमवारी चार वाजता कोणीतरी तो मोडून बघेल.